पुंजविज्ञानातील नेमणुका आणि श्रीगोंद्याचा पदवीधर

श्रीगोंदा तालुक्यात नोकरीची जाहिरात म्हटली की तलाठीभरती, पोलीसभरती किंवा शिक्षकाची जागा हीच मनात येते. परंतु दौंडमार्गे गाठता येणाऱ्या पुण्यात आणि त्यापलीकडे मुंबईत भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी पुंजविज्ञानाच्या, म्हणजेच क्वांटम, संशोधनाचे जे नवे दालन उघडले आहे, त्याची वार्ता तालुक्याच्या महाविद्यालयांत क्वचितच निघते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी देऊन २०३०-३१ पर्यंतच्या मुदतीसाठी ६००३.६५ कोटी रुपयांची तरतूद केली. त्याखालील चार केंद्रांपैकी सूक्ष्म मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. पुण्यात आयसर आणि आयुका या संस्थांत अणूंवर आधारलेल्या घड्याळांचे काम चालते, तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संरक्षण संशोधन विभाग व टीसीएस यांच्या सहकार्याने घडवलेल्या सहा क्युबिटांच्या, म्हणजे क्वांटम माहितीच्या सहा एककांच्या, प्रोसेसरची चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये पार पडली.

यांपैकी मापनाचा विषय मला श्रीगोंद्याच्या सर्वांत जवळचा वाटतो. घोड आणि भीमा कडेने वाहत असूनही ज्या तालुक्याच्या मोठ्या भागाला पावसाचा भरवसा नाही, तेथे भूगर्भातील पाण्याचा अदमास हा संसाराचाच प्रश्न असतो. लेसरच्या प्रकाशाने निरपेक्ष शून्याच्या लगत थंड केलेले रुबिडियमचे अणू निर्वातात सोडले, म्हणजे प्रत्येक अणू तरंगाप्रमाणे दोन मार्गांनी जाऊन पुन्हा एकत्र येतो, आणि त्या मीलनात गुरुत्वाकर्षणाचा अतिसूक्ष्म फरकही उमटतो. पाण्याने भरलेला खडक आणि कोरडी पोकळी यांचे भेद त्यावरून, निदान तत्त्वतः, जमिनीवरूनच वाचता येतात. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच रीतीने जमिनीखालचे भुयार शोधल्याचे प्रसिद्ध केले.

अशा कामासाठी एम.एस्सी. होऊन नेट किंवा गेट उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराची कनिष्ठ संशोधक म्हणून नेमणूक होते. १ जानेवारी २०२३ पासून तिची छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये असून दोन वर्षांनी ती ४२,००० होते, घरभाडे भत्ता निराळा. पीएच.डी. झालेल्या सहयोगी संशोधकास ५८,००० पासून पुढे मिळतात. मात्र यांतील बहुतेक जागा प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे. कायम हुद्दा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणि तोही सर्वांना नव्हे. अर्जाची मुदतही बहुधा दोन-तीन आठवड्यांचीच असते, म्हणून संस्थांनी या जाहिराती तालुक्याच्या महाविद्यालयांकडे थेट धाडण्याचा शिरस्ता पाडावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या प्रयोगशाळांना केवळ गणिती बुद्धी पुरत नाही. निर्वात पंप जोडणारे, लेसरची मांडणी तासन्‌तास जुळवणारे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे मंडल स्वतः डाग देऊन उभे करणारे हातही तेथे लागतात. ज्याने घरची मोटार आणि तिचा स्टार्टर स्वतः उघडून दुरुस्त केला असेल, त्याने ती गोष्ट क्षुल्लक न मानता अर्जात आणि मुलाखतीत अवश्य सांगावी.