पहिलीच्या बाईंना कोण शिकवतं?

पहिलीतल्या एका मुलीने पाटीवर लिहिलं होतं, 'पनि'. तिला 'पाणी' लिहायचं होतं. नोकरीचं माझं ते दुसरं वर्ष. मी फुली मारली, शेजारी 'पाणी' लिहून दिलं आणि पाच वेळा गिरवायला सांगितलं. तिचा चेहरा उतरला, हे तेव्हाही दिसलं होतं. पण तिला किती येतं हे कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली. शब्दातले दोन्ही आवाज तिने सुटे करून ऐकले होते, ते कोणत्या अक्षरांचे हे ओळखलं होतं, शेवटच्या स्वरासाठी वेलांटी लागते हेही तिला ठाऊक होतं. तिच्या घरी 'पानी'च म्हणत, त्यामुळे तो 'न' तिच्या कानाशी प्रामाणिक होता. राहिला होता फक्त काना आणि वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घपणा. मी मात्र पाटीवर नुसती चूक पाहिली.

डी.एड.च्या दोन वर्षांत अशी पाटी वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पाठ टाचणं मात्र ढीगभर लिहिली: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. सराव पाठ बहुतेक पाचवी ते सातवीवर व्हायचे. तिथे कविता चालीवर म्हणता येते, निरीक्षकांसमोर वर्ग उठून दिसतो. वाचायला नुकत्या लागलेल्या मुलाशेजारी बसून ते कुठे अडतंय हे पाहण्याची वेळ एकदाही आली नाही. आज या पदविकेला डी.एल.एड. म्हणतात. अभ्यासक्रम बदलला, मूलभूत साक्षरतेचा उल्लेख आला. पण नव्याने रुजू होणाऱ्या मुलींशी बोलताना माझीच गोष्ट पुन्हा ऐकू येते.

खरं तर मराठी वाचायला शिकवणं हे बारीक कसबाचं काम आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चार मात्र 'क'नंतर. एकट्या 'र'ची रूपं पाहा: सूर्य, क्रम, ट्रक, दऱ्या. मोठ्यांच्या डोळ्यांना यात काही वावगं दिसत नाही. सहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक रूप नवं असतं. त्यात आपण आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द असा क्रम लावतो. मूल महिनोन्‌महिने अक्षरं घोकतं आणि अर्थाचा एक शब्दही त्याच्या हाती लागत नाही.

ही कोंडी फोडणारी माणसं महाराष्ट्रात होऊन गेली, आजही आहेत. सावित्रीबाईंनी शिकवायला उभं राहण्यापूर्वी नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे घेतले होते, हे आपण त्यांच्या जयंतीला फारसं सांगत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात नेली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. त्या भाषाशास्त्राच्या अभ्यासक. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांचं दुखणं त्यांनी त्या नजरेने पाहिलं. थोडी अक्षरं, सोबत एखादं स्वरचिन्ह आणि लगेच शब्द, हा मार्ग त्यातून पुढे आला. म, क, ल आणि काना एवढ्यावर मूल 'मामा', 'काका', 'काम', 'लाल', 'कमाल' वाचतं. ज्या दिवशी मी हे वर्गात करून पाहिलं, त्या दिवशी मुलं मधल्या सुट्टीत बाहेर जाईनात. फळ्यावर आणखी कोणता शब्द होतो, हेच शोधत बसली.

पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे नीलेश निमकर आणि त्यांच्या 'क्वेस्ट' संस्थेचं काम आहे. याच वाडा तालुक्यातल्या आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या शाळांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचं वाचन-लेखन सलग पाहणारा एक मोठा अभ्यास गेल्या दशकात झाला. शिक्षिकांनी त्याचा अहवाल जरूर वाचावा; आपल्या वर्गात रोज काय घडतं ते त्यात दिसतं.

सरकारी पातळीवर 5 जुलै 2021 रोजी 'निपुण भारत' अभियान आलं, ही चांगली गोष्ट झाली. तिसरीपर्यंतचं वाचन हा देशाचा विषय आहे, हे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मांडलं गेलं. त्याची निकडही होती. 'असर'च्या 2022 च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी 20.5 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2024 मध्ये हा आकडा 27.1 टक्क्यांवर पोहोचला. पण तिसरीअखेर मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, या लक्ष्यातले 60 शब्द शाळेपर्यंत पोहोचले आणि 'अर्थासह' वाटेत गळालं. प्रशिक्षणंही राज्य, जिल्हा, तालुका, केंद्र अशी उतरत येतात. वरचे चार दिवस खाली येईस्तोवर दीड दिवसाचे होतात आणि उरतात ती पडद्यावरची सादरीकरणं. तीन दिवस खुर्चीवर बसून कुणी पोहायला शिकत नाही. बाईंच्या वर्गात येऊन, शेजारी बसून, दोन मुलांचं वाचन एकत्र ऐकणारा माणूस हवा. केंद्रप्रमुखांचं मूळ काम तेच होतं. आज त्यांना माहिती भरण्यातून सवड मिळत नाही.

वारली, कोरकू, गोंडी, पावरी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात तर शिक्षिकेला दोन भाषांमधला पूल व्हावं लागतं. ती तयारी आपल्या पदविकेत अगदीच तुटपुंजी आहे.

अध्यापक विद्यालयांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाला पहिलीतलं एक मूल वर्षभरासाठी द्या. दर आठवड्याला त्याच्याशेजारी बसून वाचन ऐकावं, त्याने लिहिलेलं जपून ठेवावं, त्याला काय येऊ लागलंय ते वहीत नोंदवावं आणि वर्षाअखेर त्या वहीवरच गुण मिळावेत. त्यासाठी पाठ टाचणांची संख्या निम्मी करावी लागली, तरी ती खुशाल करा.