विद्युत् चूल
विजेच्या प्रवाहापासून मिळणाऱ्या उष्णतेवर अन्न शिजविण्याचे व भाजण्याचे घरगुती साधन. वरच्या पृष्ठावर भांडी ठेवण्यासाठी सामान्यतः चार शेगड्या आणि त्यांच्याखाली दार असलेली बंदिस्त भट्टी म्हणजे ओव्हन, असे तिचे पूर्ण स्वरूप असते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत ही जोडचूल ‘रेंज’ या नावाने ओळखली जाते आणि बहुसंख्य घरांत तीच वापरात आहे. भारतात मात्र विजेची सुटी शेगडी व टेबलावर ठेवण्याचा लहान ओव्हन यांचाच मुख्यत्वे प्रसार झाला. लाकूड, कोळसा, रॉकेल किंवा गॅस यांच्या चुलीत ज्योत वा निखारा डोळ्यांना दिसतो आणि जाळ कमी-जास्त केल्याचा परिणाम थोड्याच वेळात भांड्यावर होतो. विद्युत् चुलीत ज्योत नाही. उष्णता उशिरा येते आणि बटण बंद केल्यावरही बराच वेळ टिकून राहते. या चुलीवरील स्वयंपाकाची बहुतेक पथ्ये, तिचे फायदे आणि तिच्यापासून संभवणारे धोके या एका गुणधर्मातून उद्‌भवतात.

इतिहास : विजेवर अन्न शिजविण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. कॅनडातील विद्युत् उद्योजक टॉमस अहर्न यांनी ऑगस्ट १८९२ मध्ये ओटावा येथील विंडसर हॉटेलात संपूर्णपणे विजेच्या भट्टीत तयार केलेले भोजन निमंत्रितांना दिले. पुढील वर्षी शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारे नमुन्याचे स्वयंपाकघर मांडण्यात आले होते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावी डेव्हिड कर्ल स्मिथ यांनी १९०५ मध्ये विजेच्या चुलीचे एकस्व घेतले. त्यांच्या पत्नी नोरा कर्ल स्मिथ यांनी त्याच चुलीसाठी पाककृतींचे पुस्तक लिहून १९०७ मध्ये प्रसिद्ध केले. यंत्र बनले तरी ते कसे वापरावे हे घरातील गृहिणीला निराळे शिकावे लागणार, ही जाण इतक्या आरंभीच्या काळातही दिसते, हे लक्षणीय आहे.

आरंभीच्या चुलींची खरी अडचण तारेची होती. लोखंडाची तार लाल होईपर्यंत तापविली की, हवेतील ऑक्सिजनाशी तिचा संयोग होऊन ती थोड्याच दिवसांत झिजून तुटे. आल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुवैज्ञानिकांनी निकेल व क्रोमियम यांची मिश्रधातू तयार केली आणि १९०६ मध्ये तिचे एकस्व मिळविले. ‘नायक्रोम’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या मिश्रधातूत सामान्यतः सु. ८० टक्के निकेल व २० टक्के क्रोमियम असते. तापविल्यावर तिच्या पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा पातळ, घट्ट थर बसतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. पुढील काळात विजेची इस्तरी, पाणी तापक आणि पाव भाजण्याचा टोस्टर ही सर्व साधने याच तारेवर उभी राहिली.

खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून मुंबईला १९१५ पासून वीज मिळू लागली, ती प्रामुख्याने कापड गिरण्यांसाठी. घरांत दिवे व पंखे आले, तरी स्वयंपाकघरात दीर्घकाळ कोळशाची शेगडी व रॉकेलचा स्टोव्ह हीच साधने राहिली.

रचना : जुन्या पद्धतीच्या सुट्या शेगडीत चिनी मातीच्या तबकडीतील नागमोडी खाचेत नायक्रोमची उघडी तार बसविलेली असते. ही रचना स्वस्त असली, तरी दूध उतू गेले किंवा धातूचे भांडे तारेला टेकले की विजेचा धक्का बसण्याची शक्यता असते. आधुनिक चुलीत तार पोलादी नळीत घालून तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी ठासून भरतात. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज मात्र जाऊ देत नाही. अशी नळी चकलीसारखी वळवून तिचे वेटोळे करतात. अमेरिकी चुलीतील लहान वेटोळ्याचा व्यास सु. १५ सेंमी. व शक्ती १,२०० ते १,५०० वॉट, तर मोठ्याचा व्यास सु. २० सेंमी. व शक्ती २,१०० ते २,६०० वॉट असते. वेटोळी काचमृत्तिकेच्या सपाट पत्र्याखाली झाकलेल्या चुली १९७० च्या सुमारास प्रचारात आल्या. त्या पुसण्यास सोप्या असतात; परंतु तापलेल्या काचेवर साखरेचा वा गुळाचा पाक सांडून थंड झाला, तर तो निघताना काचेचे टवके काढतो. म्हणून असा पाक काच गरम असतानाच जपून खरवडावा लागतो.

चुलीचे बटण ‘मंद’वर ठेवले म्हणजे तारेतून कमी प्रवाह वाहतो, असा समज आढळतो. बहुतेक चुलींत तसे घडत नाही. बटणामागे दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकली की प्रवाह तुटतो व निवली की पुन्हा जुळतो. मंद आचेवर वेटोळे थोडा वेळ पूर्ण शक्तीने तापते व उरलेला वेळ बंद असते. पातळ बुडाच्या भांड्यात खीर किंवा पिठले मध्येच उसळते व मध्येच शांत होते, त्याचे कारण हेच. जाड बुडाचे भांडे ही चढउतार आपल्यात सामावून घेते.

सर्व शेगड्या व भट्टी एकाच वेळी चालू केल्यास एकूण मागणी सु. १० किलोवॉट होते. यासाठी अमेरिकेत २४० व्होल्ट दाबाची ४० ते ५० अँपिअरची स्वतंत्र जोडणी देतात. भारतातील घरांत जड उपकरणांसाठी असलेल्या १६ अँपिअरच्या जोडणीतून २३० व्होल्टला सु. ३·७ किलोवॉट एवढीच शक्ती मिळते. पूर्ण आकाराची जोडचूल येथे न रुजण्यामागे हे एक साधे कारण आहे. शिवाय तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब १० टक्क्यांनी उतरला, तर उष्णता १९ टक्क्यांनी घटते. संध्याकाळी दाब पडणाऱ्या गावी शेगडी ‘चढत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ येथे आहे.

रोजचा स्वयंपाक : ज्योत भांड्याच्या कडांनाही वेढते, वेटोळ्याची उष्णता मात्र मुख्यतः स्पर्शाने व थोड्या अंशी प्रारणाने भांड्यात जाते. त्यामुळे भांड्याचे बूड सपाट, जाडसर व वेटोळ्याएवढेच असणे महत्त्वाचे ठरते. गोल बुडाची कढई, खोलगट तवा आणि वापराने पोचे आलेले पातेले या चुलीवर समाधानकारक काम देत नाहीत. टेकलेला भाग करपतो व उरलेला कच्चा राहतो.

एक लिटर पाणी २५° से.पासून उकळीपर्यंत नेण्यास सु. ०·०९ युनिट उष्णता लागते. वेटोळ्याच्या उष्णतेपैकी सु. ७० ते ७५ टक्के भांड्यात जाते, हे लक्षात घेता प्रत्यक्षात सु. ०·१२ युनिट वीज खर्च होते व १,५०० वॉटच्या वेटोळ्यावर पाच ते सहा मिनिटे लागतात. तेच पाणी उकळीनंतर संपूर्ण आटविण्यास मात्र याच्या सातपटींहून अधिक उष्णता लागते. खळखळून उकळणारे पाणी मंद उकळणाऱ्या पाण्यापेक्षा अधिक तप्त नसते, म्हणून डाळ वा भाजी त्यात लवकर शिजत नाही. पहिली उकळी येताच आच उतरविणे व झाकण ठेवणे, एवढ्यानेच विजेची पुष्कळ बचत होते. भाताचे पाणी आटत आले की बटण चार-पाच मिनिटे आधीच बंद करावे; उरलेल्या धगीवर भात मुरतो. याउलट दुधाच्या बाबतीत बटण बंद करून भागत नाही, कारण तापलेले वेटोळे दूध उतू घालवतेच. भांडे उचलून बाजूला ठेवावे लागते. सराईत व्यक्ती एक वेटोळे तीव्र व शेजारचे मंद असे आधीच तापवून ठेवतात आणि आच बदलण्याऐवजी भांडेच हलवितात. शिट्ट्या होऊ लागलेल्या प्रेशर कुकरलाही हीच युक्ती लागू पडते.

महाराष्ट्रीय स्वयंपाकाची खरी कसोटी भाकरीपाशी लागते. भाकरीची पाणी लावलेली बाजू तव्यावर भाजली जाते आणि शेवटी ती निखाऱ्याशी वा ज्योतीवर धरून फुगवितात. पृष्ठ झटकन तापून घट्ट झाले व आतील पाण्याची वाफ कोंडली, तरच पापुद्रा सुटतो. लाल झालेल्या वेटोळ्याचे प्रारण यासाठी पुरेसे तीव्र असते. वेटोळ्यावर उंच पायांची तारेची जाळी ठेवून तिच्यावर भाकरी वा फुलका टाकल्यास तो चांगला फुगतो. उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अशी जाळी सर्रास आढळते. काचेच्या चुलीवर मात्र जाळीचा फारसा उपयोग होत नाही. तेथे तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडा दाबून फुलका फुगवावा लागतो.

भट्टीतील भाजणे : भट्टीच्या तळाशी एक व छताशी एक असे दोन तापक असतात. नेहमीच्या भाजण्यात खालचा तापक मुख्य काम करतो. तापलेली हवा वर चढून फिरते, तापलेल्या भिंती प्रारण देतात आणि पत्र्याचा साचा त्याच्या बुडाकडून उष्णता घेतो. इच्छित तापमान गाठल्यावर तापनियंत्रक प्रवाह तोडतो व ते काही अंशांनी उतरले की पुन्हा जोडतो. त्यामुळे प्रत्यक्ष तापमान ठरविलेल्या अंकाच्या वर-खाली झुलत राहते. तबकडीवरील अंक व आतील तापमान यांत १०° ते १५° से.चा फरक असणे नवलाचे नाही, म्हणून आत ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक उपयुक्त ठरतो. अमेरिकी चुलींवरील अंक फॅरनहाइट मापात असतात; केकसाठी नेहमी सांगितले जाणारे ३५०° म्हणजे सु. १७७° से. होत.

भट्टी आधी दहा ते पंधरा मिनिटे रिकामी तापविणे आवश्यक असते. हा वेळ वाया गेला असे वाटते. पण थंड भट्टीत ठेवलेल्या केकमधील लोणी आधी वितळते, सोड्याचा वा बेकिंग पावडरीचा वायू निसटून जातो आणि पिष्ट घट्ट होण्यापूर्वीच केक बसतो. पिष्ट सु. ६०° ते ७०° से.ला पाणी शोषून फुगते, त्यानंतर अंड्यातील व गव्हातील प्रथिने गोठून केकचा सांगाडा तयार होतो. पृष्ठावरील तपकिरी रंग व खमंग वास मात्र पृष्ठ वाळून सु. १४०° से.च्या वर गेल्यावरच येतात. या घटना योग्य क्रमाने घडाव्यात यासाठीच तापमानाची निवड असते : नानकटाईसाठी १६०° ते १७० से., केकसाठी १७५° ते १८०° से. आणि पावासाठी २००° ते २३०° से. साचा मधल्या फळीवर व भिंतींपासून दूर ठेवावा. काळपट साचा प्रारण अधिक शोषतो व पदार्थाचे बूड लवकर करपवितो. दार वारंवार उघडून पाहण्याची सवय सर्वांत घातक; केक निम्मा भाजला जाईपर्यंत दार उघडूच नये.

गॅसच्या भट्टीत ज्वलनातून वाफ निर्माण होते. विजेच्या भट्टीतील हवा त्यामानाने कोरडी असल्याने बिस्किटे कुरकुरीत होतात. पण पाव पुरता फुगण्यापूर्वीच त्याची साल कडक होते. म्हणून आरंभीची दहा मिनिटे तळाशी उकळत्या पाण्याचे ताट ठेवतात.

छताशी असलेला तापक वरून भाजण्यासाठी असतो. ही कल्पना कोकण व गोवा येथील गृहिणींना नवी नाही. धोंडस भाजताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवण्याची जुनी रीत आहे, तर गोव्यातील बेबिंक या मिठाईचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांच्या धगीवर भाजून त्यावर पुढील थर ओततात. विजेच्या भट्टीत बेबिंक करताना हेच काम वरचा तापक करतो. मात्र निखारा हळूहळू मंदावतो, तापक मंदावत नाही, म्हणून प्रत्येक थराजवळ उभे राहून लक्ष ठेवावे लागते.

धोके : ज्योत, धूर व कार्बन मोनॉक्साइड यांचा अभाव हा विद्युत् चुलीचा मोठा गुण, तथापि तिच्यामुळे आगीचा धोका नाहीसा होतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेत घरांना लागणाऱ्या आगींचे सर्वांत मोठे कारण स्वयंपाक हे आहे आणि विजेच्या चुली असलेल्या घरांत असे प्रसंग गॅसच्या चुली असलेल्या घरांपेक्षा अधिक प्रमाणात घडतात, असे तेथील आगप्रतिबंधक संघटनेच्या पाहणीत आढळून आले आहे. फोडणीचे तेल सु. २००° ते २३०° से.ला धुरावू लागते आणि ३५०° से.च्या पुढे ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. तीव्रवर ठेवलेले वेटोळे याहून कितीतरी अधिक तापते आणि बटण बंद केल्यावरही तेलाचे तापमान काही काळ चढतच राहते. धूर दिसताच भांडे बाजूला घ्यावे. तेल पेटलेच तर बटण बंद करून भांड्यावर घट्ट झाकण सरकवावे व ते पूर्ण थंड होईपर्यंत हलवू नये. पाणी कदापि ओतू नये. ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते व जळते तेल सर्वत्र उडविते. लाली गेलेले वेटोळे निवलेले दिसते, पण हात भाजण्याइतके तप्त असते; लहान मुले व लोंबणारे पदर यांच्या दृष्टीने हाच काळ अधिक जोखमीचा असतो. अमेरिकेतील सुरक्षामानकानुसार अलीकडील उघड्या वेटोळ्यांच्या चुलींत भांड्याच्या बुडाचे तापमान मर्यादेत ठेवणारे साधन बसविलेले असते. भारतीय शेगडी घेताना तीन पिनांची जोडणी व कार्यक्षम भूयोजन यांची खात्री करून घेणे अगत्याचे आहे.

ऊर्जेचा विचार : चुलीपाशी मोजल्यास वीज गॅसपेक्षा पुष्कळच काटकसरी ठरते, कारण गॅसच्या ज्योतीतील निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते. परंतु औष्णिक केंद्रात कोळशातील ऊर्जेपैकी सु. एक-तृतीयांशच विजेत रूपांतरित होते, हे जमेस धरले म्हणजे हा लाभ उरत नाही; जलविद्युत्, पवन वा सौर ऊर्जेपासून मिळणाऱ्या विजेच्या बाबतीत चित्र पुन्हा पालटते. प्रवर्तन चुलीत, म्हणजे प्रचलित भाषेत इंडक्शन शेगडीत, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे उष्णता थेट भांड्याच्या बुडातच निर्माण होते, त्यामुळे आच गॅसप्रमाणे तत्काळ कमी-जास्त करता येते. ही शेगडी भारतातील घरांत विद्युत् चुलीपेक्षा अधिक वेगाने पसरली. तिला लोहचुंबकाला चिकटणारे बूड मात्र लागते. ॲल्युमिनियमची पातेली व कल्हईची तांब्या-पितळेची भांडी सामान्य प्रवर्तन शेगडीवर तापत नाहीत, वेटोळ्यावर मात्र तापतात.