दुष्काळात घर उजाडलं, मग तुकोबांना बळ कुठून आलं?

परवा कामशेतच्या बाजारात ओळखीचे एक काका भेटले. घरातलं माणूस नुकतंच गेलेलं. म्हणाले, "देव मोठा आहे हे कळतं रे, पण धीर कसा धरायचा?"

मला गाथा वाचायचा नाद. तुकोबाच आठवले.

कामशेतवरून वाहणारी आपली इंद्रायणी पुढे देहूला जाते. तिथे १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला. पहिली पत्नी रखुमाबाई आणि मुलगा संतू गेले. आईवडील त्याआधीच गेले होते.

मग त्यांनी विठ्ठलाचं पडकं देऊळ दुरुस्त केलं. इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर चिंतन केलं. आधीच्या संतांची वचनं पाठ केली. आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते.

त्यांनी दुःख लपवलं नाही. विठ्ठलाशी ते भांडलेसुद्धा! देव एवढा मोठा, की आपला रागही त्याच्यापुढे मांडता येतो. मला याचाच आधार वाटतो.

कठीण दिवस चालू असतील तर भंडाऱ्यावर जाऊन या. रोज एक अभंग वाचा, घरच्यांशी बोला. गाथेची सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.

रामकृष्णहरी!