होय, नाही, हजर

शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा उत्तर एकच असायचं: "हजर!" अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नाव पुकारलं की तीन उत्तरं देता येतात. होय, नाही आणि हजर. यातलं 'हजर' मोठं गमतीचं आहे. मी इथे आहे, गणसंख्येत मला धरा, पण कुठल्याच पारड्यात टाकू नका, असा त्याचा अर्थ.

"युद्ध पुकारायचं का?" या एकाच प्रश्नाला ही तिन्ही उत्तरं देऊन गेलेल्या एक बाई त्या सभागृहात होत्या. मोंटाना राज्याच्या जेनेट रँकिन. एप्रिल १९१७, जर्मनीविरुद्ध: नाही. डिसेंबर १९१७, ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध: होय. ८ डिसेंबर १९४१, जपानविरुद्ध: नाही. आणि तीनच दिवसांनी जर्मनी व इटलीविरुद्ध: हजर, हजर.

'दोन्ही महायुद्धांत उतरायला विरोध करणारी एकमेव सदस्य' एवढीच त्यांची ओळख मला ठाऊक होती. ती खरीच आहे. पण मधलं ते 'होय' दिसलं आणि मी यादी पुन्हा वरून वाचायला घेतली. माणूस भाषणात काय बोलला, आत्मचरित्रात काय लिहून गेला, ते सगळं धुऊनपुसून घेता येतं. मतांची यादी मात्र किराणा दुकानदाराच्या वहीसारखी असते. उधारी तेवढी लिहिलेली, कारण कुठेच नाही.

ही वही ठेवायची सक्ती थेट राज्यघटनेची. प्रत्येक सभागृहाने आपल्या कामकाजाची नोंद ठेवावी, आणि हजर सदस्यांपैकी एक पंचमांश जणांनी मागणी केली तर कोण 'होय' म्हणालं, कोण 'नाही', हे नावानिशी लिहावं, असं पहिल्याच अनुच्छेदात म्हटलं आहे. एक पंचमांश! बहुमत लागत नाही. हरणाऱ्यांनाही जिंकणाऱ्यांची नावं कागदावर आणता येतात. घटना लिहिणाऱ्यांच्या धूर्तपणाला मी इथे दाद देतो.

आपल्याकडे लोकसभेत बहुतेक विषय आवाजी मतदानाने निकाली निघतात. कोणी मतविभाजन मागितलं तरच आकडे समोर येतात. १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असं झालं आणि वाजपेयी सरकार एका मताने पडलं, ते अनेकांना आठवत असेल. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकीच जाऊ शकते. त्यामुळे आपल्या खासदाराचं मतदान पाहायला गेलं की बहुधा त्याच्या पक्षाचंच मतदान दिसतं. अमेरिकेत पक्ष डोळे वटारतो, पुढच्या निवडणुकीत पाडतोही, पण मत वेगळं दिलं म्हणून सदस्यत्व जात नाही. तिथे मताची नोंद खरोखर त्या माणसाची असते, आणि म्हणूनच ती वाचावीशी वाटते.

तिथे नाव पुकारण्याची पद्धत फार संथ होती. चारशेच्या वर नावं, त्यात पहिल्या फेरीत उत्तर न देणाऱ्यांसाठी दुसरी फेरी. अर्धा-पाऊण तास सहज जाई. यावर इलाज शोधला होता बावीस वर्षांच्या थॉमस एडिसनने. बटण दाबताच मत नोंदवणारं विजेचं यंत्र हे त्याचं पहिलं पेटंट, १ जून १८६९ चं. ते वॉशिंग्टनला दाखवलं गेलं, पण तिथे कुणालाच ते नको होतं. यंत्र भलतंच जलद होतं, हीच अडचण! अल्पमतातल्या लोकांना वेळ काढायला, कुणाला कोपऱ्यात घेऊन मन वळवायला तो संथपणाच तर हवा होता. प्रतिनिधिगृहात विजेवर मतदान सुरू झालं ते १९७३ च्या जानेवारीत, एडिसनच्या पेटंटनंतर १०३ वर्षांनी. सिनेटमध्ये तर अजूनही कारकून नावं पुकारतो.

प्रतिनिधिगृहातही सभापतीची निवड आजही तोंडी होते. जानेवारी २०२३ मध्ये ती पंधरा फेऱ्या चालली. त्या यादीत शेवटाकडे, 'टी' अक्षराखाली, एक मराठी आडनाव पंधरा वेळा पुकारलं गेलं: ठाणेदार. बेळगावात वाढलेले, 'ही श्रीची इच्छा' हे मराठी आत्मकथन लिहिणारे श्री ठाणेदार डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून नुकतेच निवडून आले होते. पंधराही वेळा त्यांनी आपल्या पक्षाच्या हकीम जेफ्रीज यांचं नाव घेतलं आणि पंधराही वेळा जेफ्रीज निवडून आले नाहीत. मतदानाच्या वहीतलं त्यांचं पहिलं पान हे असं आहे.

आता १९१७. रँकिनबाईंनी शपथ घेतली २ एप्रिलला. काँग्रेसमध्ये बसणारी ही पहिलीच स्त्री. देशातल्या बहुसंख्य बायकांना अजून मतदानाचा सरसकट हक्क नव्हता, तो घटनादुरुस्तीने मिळायला १९२० उजाडलं. त्याच संध्याकाळी अध्यक्ष विल्सन यांनी दोन्ही सभागृहांपुढे येऊन जर्मनीविरुद्ध युद्धाची मागणी केली. भाऊ वेलिंग्टन सांगत होता, पुरुषासारखं मत दे. स्त्रियांच्या हक्कासाठी लढणाऱ्या कितीतरी पुढारी बायकांनाही धास्ती होती, की हिने 'नाही' म्हटलं तर बायका हळव्या असतात असं म्हणायला लोक मोकळे होतील.

५ तारखेची चर्चा रात्रभर चालली. ६ एप्रिलला, गुड फ्रायडेच्या पहाटे तीनच्या सुमारास नावं पुकारायला सुरुवात झाली. "रँकिन." उत्तर नाही. कारकून पुढच्या नावाकडे गेला. या फेरीत आणि पुढच्या फेरीत जो वेळ गेला, तोच तो एडिसनच्या यंत्राने वाचवला असता असा वेळ! तेवढ्यात ऐंशी वर्षांचे माजी सभापती जो कॅनन त्यांच्यापाशी आले आणि म्हणाले, काहीही मत द्या पण द्या, गप्प राहू नका, असं सांगतात. दुसऱ्या फेरीत नाव आलं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. मत देताना भाषण करायचं नाही हा तिथला रिवाज. तो मोडून त्या बोलल्या: मला माझ्या देशाच्या बाजूने उभं राहायचं आहे, पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही.

निकाल ३७३ विरुद्ध ५०. त्या पन्नासांत ४९ पुरुष होते, सभागृहातल्या बहुमताचे नेते क्लॉड किचिनसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती बाई रडल्या की नाही याची. न्यूयॉर्कचे सदस्य फिओरेलो ला गार्डिया (ज्यांच्या नावाचा विमानतळ आहे तेच) यांना कुणीतरी हेच विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही, माझेच डोळे भरले होते.

१९१७ ची गोष्ट बहुधा या पहाटेवरच थांबते. वही मात्र पुढे चालू राहते. जूनमध्ये मोंटानातल्या ब्युट गावच्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार मेले. राज्य ज्या कंपनीच्या मुठीत होतं त्या अनाकोंडाविरुद्ध रँकिनबाई उभ्या ठाकल्या, खाणी सरकारने ताब्यात घ्याव्यात असा ठराव त्यांनी मांडला. पुढच्या वर्षी बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी विधेयक आणलं. यातलं काहीच मताला आलं नाही. जे मताला येत नाही त्याचा वहीत मागमूस नसतो. कामाचा डोंगर, नोंद शून्य.

मग ७ डिसेंबर १९१७. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध: ३६५ विरुद्ध १. तो 'एक' होता न्यूयॉर्कचा समाजवादी मेयर लंडन. रँकिनबाई ३६५ मध्ये. युद्ध मूर्खपणाचं आहे हे माझं मत कायम आहे, पण ते आधीच सुरू झालं आहे, आजचा ठराव ही निव्वळ तांत्रिक बाब आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हे पटत नाही. पटत नाही म्हणूनच त्या मला माणसासारख्या वाटायला लागतात. पुतळ्याला अशी कारणं द्यावी लागत नाहीत.

पाच आठवड्यांनी, १० जानेवारी १९१८ ला, सभागृहापुढे स्त्रियांच्या मतदानहक्काची घटनादुरुस्ती आली. चर्चेला तोंड फोडलं रँकिनबाईंनी. निकाल २७४ विरुद्ध १३६. हा आकडा जरा कागद-पेन्सिल घेऊन पाहा. एकूण मतं ४१०. घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश लागतात, म्हणजे २७३ आणि वर एकतृतीयांश. माणसाचे तुकडे होत नाहीत, तेव्हा २७४. नेमके तेवढेच होते! 'होय' म्हणणाऱ्यांपैकी कुणाही एकाने 'नाही' म्हटलं असतं तर दुरुस्ती तिथेच पडली असती. पुढे सिनेटने ती अडवली, सगळं पुन्हा करावं लागलं, ते वेगळं. पण त्या दिवशी सभागृहातल्या एकमेव स्त्रीचं मत हे शब्दशः निर्णायक मत होतं. आणि ते कुणालाही आठवत नाही. युद्धाचं मत, ज्याने तसूभरही फरक पडला नाही, ते सगळ्यांना पाठ.

पुढच्या निवडणुकीत त्यांनी सिनेटसाठी प्रयत्न केला, हरल्या. परत निवडून आल्या १९४० मध्ये, साठीच्या घरात. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी ठराव आला. चर्चा जेमतेम चाळीस मिनिटं. त्या बोलायला उठत होत्या, सभापती सॅम रेबर्न त्यांच्याकडे बघायला तयार नव्हते. नाव पुकारल्यावर त्या म्हणाल्या: मी स्त्री आहे, मला युद्धावर जाता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला पाठवायला मी नकार देते. ३८८ विरुद्ध १. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध शून्य. सभागृहात हुर्यो उडाली, निदान मत बदला म्हणून सहकारी विनवत होते. बाहेर पडताना गर्दी अंगावर आली, तेव्हा त्यांनी टेलिफोनच्या खोक्यात शिरून दार लावून घेतलं. पोलीस येईपर्यंत त्या आतच होत्या. तो फोटो अजून पाहायला मिळतो: काचेआड, कानाशी फोन धरलेली, टोपी घातलेली एक वयस्क बाई. भावाने कळवलं, मोंटाना शंभर टक्के तुझ्याविरुद्ध आहे. तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीवर मत घेतलं गेलं तेव्हा वहीत 'नाही'खाली कुणाचंच नाव नव्हतं. रँकिनबाईंच्या नावापुढे दोन्ही वेळा 'हजर'.

त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. पुढच्या काळात गांधींच्या मार्गाची ओढ त्यांना भारतात घेऊन आली, एकदा नव्हे, सात वेळा.

आणि आता मला सर्वांत चकित करून गेलेली गोष्ट. १९८० च्या दशकात कीथ पूल आणि हॉवर्ड रोझेन्थाल या दोन अभ्यासकांनी संगणकाकडून अमेरिकी काँग्रेसमधली १७८९ पासूनची सगळी नावनिशीवार मतं चाळून घेतली. संगणकाला ठराव कशाबद्दल आहे हे सांगायचंच नाही. दारूबंदी, गुलामी, युद्ध, कर, सगळं सारखंच. कोण कुणाबरोबर होतं आणि कुणाविरुद्ध, एवढंच बघायचं. त्यातून प्रत्येक सदस्याची जागा एका रेषेवर बसते, डावीकडे की उजवीकडे, किती दूर. एक शब्द न वाचता यंत्र माणसं ओळखतं! निवडणुकीच्या बातम्यांत 'अमुक सर्वांत डावा सिनेटर' असं छापून येतं, त्यामागे कधीकधी हाच हिशेब असतो.

पण या चाळणीचा एक नियम आहे. जिथे हरणारी बाजू अडीच टक्क्यांहून कमी, ते मतदान बाजूला काढायचं. सगळेच एका बाजूला असले की त्यातून माणसामाणसांतला फरक कळत नाही, म्हणून. गणिताच्या दृष्टीने बिनचूक. आता ३८८ विरुद्ध १ म्हणजे किती टक्के? पाव टक्क्याच्या जरा वर. बाहेर. कॅलिफोर्नियाच्या सदस्य बार्बरा ली यांनी १४ सप्टेंबर २००१ ला, दहशतवादी हल्ल्यांनंतरच्या लष्करी कारवाईच्या ठरावावर, ४२० विरुद्ध १ अशा एकट्या पडून दिलेलं 'नाही'? तेही बाहेर. मेयर लंडनचं एकट्याचं 'नाही' आणि त्याच दिवसाचं रँकिनबाईंचं अवघड 'होय', दोन्ही बाहेर. 'हजर' तर कुठल्या बाजूलाच नाही. चाळणीत उरतं ते पन्नासांतलं एक 'नाही' आणि २७४ मधलं एक 'होय'.

१९८५ पासून रँकिनबाईंचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा आहे. चौथऱ्यावर कोरलेले शब्द १९१७ च्या त्या पहाटेचे आहेत: मी युद्धाला मत देऊ शकत नाही.