चौथीचा वर्ग आणि करप्याचं पान

सकाळी साडेनऊ. रावेर तालुका, श्रावणातली उघडीप. पोरांनी येता येता केळीची पानं तोडून आणलीत: काही चांगली, काही करप्याची, तपकिरी रेघा ओढलेली. चांगल्या पानांचे फोटो मी अंगणातल्या मातीवर घेते, करप्याच्या पानांचे वर्गातल्या फरशीवर. मुद्दाम.

साडेदहा. परिपाठ, हजेरी.

अकरा. मोबाइलच्या नेटवर लॅपटॉपला 'टीचेबल मशीन' जोडलं. गूगलचं हे साधन 2017 पासून आहे. फोटोंचे दोन गट, दोन नावं. करपा म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगत नाही. फोटोंतला सारखेपणा त्याचा त्यानं हुडकायचा. सुरुवातीची पानं अचूक ओळखली. टाळ्या. मग एकानं चांगलं पान फरशीवर ठेवलं आणि पडद्यावर छातीठोक उत्तर आलं: करपा.

"मॅडम, ते पान नाही पाहत, फरशी पाहते!" केळीवाल्याची पोर ती, तिला कोण फसवणार! पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या हातात नव्हता. दोन्ही पानं दोन्हीकडे ठेवा, ओली करा, सावलीत धरा, सगळे हुकूम त्यांचेच. नवे फोटो घातल्यावर फरशीची भानगड मिटली. तेवढ्यात कुणी पिवळ्या पट्ट्यांचं पान आणलं, हरण्या रोगाचं. यंत्रानं त्यालाही चांगलं ठरवलं. नावं दोनच; 'माहीत नाही' म्हणायची सोयच नाही. मला विचाराल तर आजचा धडा हाच.

दीड. खिचडी.

अडीच. वीज गेली. बरंच झालं, विजेशिवाय शिकणाऱ्या काडेपेट्या निघाल्या. डोनाल्ड मिची या ब्रिटिश संशोधकानं 1961 मध्ये 304 काडेपेट्यांना फुली-गोळा शिकवला होता. आमचा खेळ मार्टिन गार्डनरचा, 1962 चा: तीन-तीन प्यादी, 24 पेट्या. पटावर जशी मांडणी, तशी पेटी काढायची. न बघता तिच्यातला एक मणी उचलायचा. त्याच्या रंगाची चाल खेळायची. पेट्या हरल्या, की शेवटच्या चालीचा मणी बाद. आधी पोरं जिंकतात आणि नाचतात. पण जितकं हरवावं तितक्या पेट्या हुशार होतात. चार वाजेपर्यंत त्यांना हरवणं कुणालाच जमेना.

पाच. फाटकाशी त्या पोरीचे वडील. "मॅडम, आमच्या बागेत चालेल का हे?"

"पप्पा, त्याले हरण्या शिकवलाच नाही अजून."

मी त्यांना कृषी सहायकाकडे जायला सांगितलं. उद्या तिसरं नाव घालायचंय. पानं ते देणार आहेत, रोगट झाडं उपटून गाडायच्या आत.