शाळेतला स्वयंपाक (लेखांक ५) : पिझ्झ्याचे खोके आणि तीन तासांचा पेपर

मागच्या आठवड्यात जपान पाहिला. १९९०च्या दशकात जपानने मुलगे आणि मुली दोघांनाही एकाच ओट्यापाशी उभे केले. इंग्लंडने त्याच सुमारास ओटाच बाजूला सारला.

१९९०मध्ये तिथल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात जुने गृहशास्त्र ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’च्या पोटात गेले. लाकूड, कापड, तसेच अन्न. हेतू वाईट नव्हता. ‘मुलींचा विषय’ हा शिक्का पुसायचा होता. झाले मात्र भलतेच. मुले पिझ्झ्याचे खोके रंगवू लागली, नव्या सँडविचबद्दल ग्राहकांची मते गोळा करू लागली. शिजवणे मागे पडले.

चूक उमगायला दोन तपे लागली. २०१४पासून चौदाव्या वर्षापर्यंत स्वयंपाक आणि पोषण अभ्यासक्रमात आले, तेही केक-बिस्किटांवर न भागवता मुख्यतः जेवणाचे पदार्थ. २०१६मध्ये जीसीएसईला, म्हणजे आपल्या नववी-दहावीच्या वयाला, स्वतंत्र विषय सुरू झाला. त्यात लेखी पेपरला निम्मेच गुण. ३५ टक्के प्रत्यक्ष स्वयंपाकाला: तीन तासांत तीन पदार्थ. आधी काय चढवायचे आणि ते शिजेतो काय चिरायचे, हे वेळापत्रकही आधी लिहून काढावे लागते. घरोघरच्या बायका हे गणित मनातल्या मनात सोडवतात, म्हणून ते कुणाला गणित वाटत नाही!

उरलेले १५ टक्के प्रयोगाला. मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. मैद्याचा घट्ट गोळा मळून पाण्याखाली चेपत राहायचे. आधी दुधाळ पाणी येते, तो स्टार्च. पाणी नितळ झाले की हातात च्युइंगमसारखी चिवट गुठळी उरते, ते ग्लूटेन. त्याच्या जाळ्यात वाफ कोंडते म्हणून फुलका टम्म फुगतो. हेच ज्वारीच्या पिठाचे करून पाहा. सगळे मोरीत वाहून जाईल, कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. पिठाची विरी गेली की आजी कढत पाणी घ्यायला सांगते, ते उगाच नव्हे. उष्णतेने स्टार्च चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही.

अडचणी आहेतच. तिथल्या बहुतेक शाळांत सामान घरून आणायचे असते. ज्याच्या घरी चणचण, त्याने काय करावे? तास जेमतेम तासाभराचा, त्यात भांडी घासणेही आले. आणि सर्वांत मोठी गोची म्हणजे पुढच्या ए लेव्हलचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या टप्प्याचा, खाद्य विषय याच सुधारणेत बंद केला गेला. सोळाव्या वर्षी गोडी लागलेल्या मुलाला रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे, हा विषय नाही. हा निर्णय मला तरी सरळ चुकीचा वाटतो.

पुढच्या आठवड्यात पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या किंवा तशाच, हाताने काम करत शिकवणाऱ्या शाळेत कुणी शिकले असेल, तर स्वयंपाकाच्या तासाला काय शिजत असे, ते जरूर कळवा.