अमेरिकन मतदाराची ‘तयारी’ : एका जनमत-प्रश्नाची चिकित्सा

अमेरिकेतील मतदार कृष्णवर्णीय व्यक्तीस राष्ट्राध्यक्षपदी निवडून देण्यास तयार आहेत काय, हा प्रश्न ४ नोव्हेंबर २००८ रोजी कायमचा निकालात निघाला, असे कोणासही वाटेल. त्या निवडणुकीत बराक ओबामा ह्यांना एकूण मतांपैकी ५२.९ टक्के, आणि निर्वाचक मंडळाच्या ५३८ मतांपैकी ३६५ मते मिळाली. २०१२ मध्ये ते पुन्हा निवडून आले. तथापि प्रश्न विचारला जाण्याचे थांबले नाही. २०२४ मध्ये कमला हॅरिस ह्यांचा पराभव झाल्यावर तो नव्या जोमाने पुढे आला. ज्या प्रश्नाला प्रत्यक्ष घटनेने दोनदा उत्तर देऊनही तो मिटत नाही, त्याच्या रचनेतच काही गफलत असली पाहिजे, असा संशय अभ्यासकास येणे स्वाभाविक आहे. त्या संशयाचा पाठपुरावा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचा जन्म कोठे झाला हे प्रथम पाहू. जनमताची पाहणी करणाऱ्या गॅलप ह्या संस्थेने १९५८ मध्ये मतदारांना विचारले, ते असे : तुमच्या पक्षाने सर्वसाधारणपणे सुयोग्य अशा गृहस्थास उमेदवारी दिली, आणि तो निग्रो असला, तर तुम्ही त्यास मत द्याल काय? (‘निग्रो’ हा शब्द त्या काळच्या प्रश्नातला आहे, म्हणूनच तो येथे ठेवला, एरवी आज तो त्याज्य ठरला आहे.) सुमारे ३८ टक्के लोकांनी होकार दिला, निम्म्याहून अधिकांनी स्पष्ट नकार दिला. पुढे हाच प्रश्न थोड्याफार शब्दभेदाने वारंवार विचारला गेला. १९७८ पर्यंत होकाराचे प्रमाण तीन-चतुर्थांशांच्या आसपास आले, १९९७ मध्ये ते ९० टक्क्यांच्या पुढे गेले, आणि २०१९ मध्ये ९६ टक्के झाले. एवढी सलग आणि एवढी चढती आलेखरेषा समाजशास्त्रांत विरळाच आढळते.

परंतु ह्या प्रश्नात दोन अटी गुपचूप घातलेल्या आहेत. उमेदवार ‘तुमच्या पक्षाचा’ आहे आणि तो ‘सुयोग्य’ आहे, हे आधीच गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्ष निवडणुकीत नेमक्या ह्याच दोन गोष्टी वादग्रस्त असतात. उमेदवार पक्षाचा होण्यापूर्वी त्याला पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांची लढाई जिंकावी लागते. आणि तो सुयोग्य आहे किंवा नाही, हे ठरविताना मतदाराच्या मनातील वर्णभावना आपले काम करीतच असते. आपण वर्णामुळे नव्हे, तर अनुभव कमी म्हणून मत नाकारले, असे मतदार प्रामाणिकपणे मानू शकतो. गॅलपच्या प्रश्नाने मोजले जाते ते तत्त्व. आचरण त्याच्या कक्षेबाहेर राहते.

दुसरी अडचण ‘अमेरिकन मतदार’ ह्या शब्दांतच आहे. १९५८ मधला मतदार आणि आजचा मतदार हे एकाच समूहाचे दोन काळांतील नमुने नव्हेत. पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारण्यास १८७० मध्येच बंदी केली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर, साक्षरतेच्या कसोट्या आणि उघड दहशत ह्यांच्या योगे ती बंदी निष्प्रभ करून टाकली. मिसिसिपी राज्यात १९६४ मध्ये मतदार म्हणून नोंदल्या गेलेल्या कृष्णवर्णीय प्रौढांचे प्रमाण ७ टक्क्यांहून कमी होते. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा संमत झाला, आणि १९६७ पर्यंत हेच प्रमाण सुमारे ६० टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत मिसिसिपीतील गोऱ्यांची मने एवढी पालटली असे कोणी म्हणणार नाही. पालटली ती मतदारयादी. ‘मतदार तयार झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यातील किती भाग मतपरिवर्तनाचा आणि किती भाग पूर्वी दाराबाहेर ठेवलेल्यांना आत घेतल्याचा, हे निराळे करून पाहिल्याखेरीज त्या विधानास अर्थ येत नाही.

तिसरी शंका उत्तरांच्या खरेपणाविषयी आहे आणि अभ्यासकांनी तिच्यावर बरीच मेहनत घेतली आहे. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदासाठी उभे होते. पाहण्यांत ते पुढे होते, प्रत्यक्षात एक लाखाहून कमी मतांनी पडले. गोरे मतदार पाहणी करणाऱ्यासमोर एक बोलतात आणि मतदानाच्या वेळी दुसरेच करतात, ह्या अनुमानास तेव्हापासून ‘ब्रॅडली परिणाम’ म्हणू लागले. १९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर पाहण्यांतील भरघोस आघाडीनंतर सात हजारांहून कमी मतांनी कसेबसे निवडून आले, तेव्हा ह्या अनुमानास बळकटी मिळाली. गंमत अशी की, ज्या निवडणुकीवरून हे नाव पडले तिलाच ते नीटसे लागू पडत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्रांवर पडलेल्या मतांत ब्रॅडली पुढेच होते. त्यांना पाडले ते टपालाने आलेल्या मतांनी, आणि ती मते गोळा करण्यासाठी प्रतिपक्षाने पद्धतशीर प्रयत्न केले होते. डॅनियल हॉपकिन्स ह्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, असा परिणाम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत दिसतो, पुढे नाहीसा होतो. २००८ च्या शेवटच्या पाहण्याही प्रत्यक्ष निकालाच्या अगदी निकट होत्या.

म्हणजे लोक खरे बोलू लागले, असे मात्र लगेच समजू नये. मनातले न विचारता काढून घेण्याची एक युक्ती संशोधकांनी योजिली आहे. नमुन्यातील अर्ध्या लोकांना तीन गोष्टी सांगावयाच्या (पेट्रोलवरील करवाढ, व्यावसायिक खेळाडूंची लक्षावधींची कमाई, कारखान्यांनी केलेले प्रदूषण) आणि त्यांपैकी किती गोष्टींचा राग येतो, तो केवळ आकडा विचारावयाचा. कोणत्या, ते विचारावयाचे नाही. उरलेल्या अर्ध्यांना ह्याच तीन गोष्टी, आणि चौथी म्हणून शेजारी कृष्णवर्णीय कुटुंब राहावयास येणे, अशी यादी द्यावयाची. दोन्ही गटांच्या सरासरीत जो फरक पडेल तो चौथ्या गोष्टीचा. कोणाही एका माणसाचे गुपित ह्यात फुटत नाही, समूहाचे मात्र फुटते. १९९१ मध्ये घेतलेल्या अशा पाहणीवरून कुक्लिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, दक्षिणेतील गोऱ्यांपैकी सुमारे ४२ टक्क्यांना, तर अन्यत्र सुमारे १० टक्क्यांना अशा शेजाराचा राग येत होता. थेट विचारले असता एवढ्यांनी तो कबूल केला नसता.

ह्या पार्श्वभूमीवर २००८ चा हिशेब पाहावा. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीनुसार गोऱ्या मतदारांपैकी सुमारे ४३ टक्क्यांनी ओबामांना मत दिले. बहुसंख्य गोरे विरोधात गेले, हे खरे. परंतु १९६४ नंतर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कोणत्याही उमेदवारास गोऱ्यांची बहुसंख्य मते मिळालेली नाहीत. २००४ मध्ये जॉन केरी ह्या गोऱ्या उमेदवारास सुमारे ४१ टक्केच मिळाली होती. मग वर्णाची किंमत शून्य होती काय? तसेही नव्हे. अलाबामा राज्यात केरींना गोऱ्यांची सुमारे १९ टक्के मते मिळाली होती, ओबामांना सुमारे १० टक्के. राष्ट्रीय सरासरीच्या आड ही दरी झाकली जाते.

किंमत किती, ह्याचा एक अंदाज सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ ह्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. गूगलवर कृष्णवर्णीयांविषयी शिवीवाचक शब्दाचा शोध कोणत्या भागांत अधिक घेतला जातो हे पाहून, त्या भागांत ओबामांना केरींच्या तुलनेने किती कमी मते पडली हे त्यांनी ताडून पाहिले. एकांतात यंत्राला विचारताना माणसास संकोच नसतो, हे ह्या पद्धतीचे मर्म. त्यांच्या मते वर्णद्वेषापायी ओबामांनी सुमारे ४ टक्के मते गमावली. ओबामांची आघाडी होती सुमारे ७ टक्क्यांची. त्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली होती, अर्थव्यवस्था कोलमडत होती, मावळत्या अध्यक्षांची लोकप्रियता तळाला गेली होती. हे सारे नसते तर तो तोटा भरून निघाला असता की नाही, ह्याची ग्वाही देता येणार नाही. म्हणून आमच्या मते ‘तयारी’ ही एकतर असते किंवा नसते अशी वस्तू मानणे हीच मूळ चूक होय. कृष्णवर्णीय उमेदवार एक जादा ओझे घेऊन शर्यतीत उतरतो, असे म्हणणे अधिक यथार्थ. ओझे घेऊनही शर्यत जिंकता येते, पण म्हणून ओझे नव्हते असे ठरत नाही. २०२४ च्या पराभवावरून मतदार पुन्हा ‘अतयार’ झाले असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, हॅरिस ह्यांना गोऱ्यांत मिळालेला वाटा २०२० मधील जो बायडन ह्यांच्या वाट्याहून लक्षणीय कमी नव्हता; मोठी गळती झाली ती लॅटिनो मतदारांत.

एका बाबीचा विचार मात्र ह्या हिशेबात अजून आलेला नाही, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘तुम्ही मत द्याल काय?’ हा एक प्रश्न. ‘देश तयार आहे काय?’ हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर देताना मतदार स्वतःविषयी बोलत नसतो, शेजाऱ्याविषयी बोलत असतो. आणि ह्या शेजाऱ्याविषयीच्या अंदाजावरच प्राथमिक निवडणुकांत पुष्कळांचे मत ठरते. २००७ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील अनेक कृष्णवर्णीय मतदार हिलरी क्लिंटन ह्यांच्याकडे झुकलेले होते. त्यांच्या दृष्टीने ओबामांच्या लायकीचा प्रश्नच नव्हता. गोरे लोक त्यांना मत देतील ह्यावर विश्वास बसत नव्हता. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवा राज्यात ओबामा पहिले आले. जवळजवळ सर्वस्वी गोऱ्यांच्या त्या राज्याने दिलेला कौल हा पुरावा ठरला. २६ जानेवारीस दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ७८ टक्के मते ओबामांना पडली. मतदारांची पसंती तीन आठवड्यांत बदलली असे म्हणण्यापेक्षा, इतरांविषयीचा त्यांचा अंदाज बदलला असे म्हणावे.

त्यात अविश्वासाला कारण नव्हते असे मुळीच नाही. ज्यांच्या आईबापांना मतदारनोंदणी कचेरीच्या पायरीवरून परत पाठविले गेले, त्यांनी गोऱ्या शेजाऱ्याविषयी सावध अंदाज बांधावा ह्यात नवल ते काय! परंतु हा अंदाज स्वतःच निकाल घडवितो. देश तयार नाही असे मानून मतदार, देणगीदार आणि पक्षाचे कार्यकर्ते दूर राहिले, तर उमेदवार आपोआप गळतो. आणि त्याचे गळणे हाच देश तयार नसल्याचा दाखला ठरतो. गोऱ्या मतदाराच्या मनात प्रत्यक्षात काय होते, हे तपासण्याची वेळच येत नाही.

ओबामांची दोन पर्वे संपल्यावरही हे चक्र थांबलेले दिसत नाही. २०२० च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षात कमला हॅरिस, कोरी बुकर आणि डेव्हल पॅट्रिक हे तीन कृष्णवर्णीय नेते उतरले होते. त्या वेळी पक्षाच्या मतदारांत सर्वांत अधिक चर्चा झाली ती डोनाल्ड ट्रम्प ह्यांना कोण हरवू शकेल, अर्थात इतर लोक कोणाला मत देतील, ह्याचीच. हॅरिस डिसेंबर २०१९ मध्ये, बुकर जानेवारीत आणि पॅट्रिक फेब्रुवारीत बाहेर पडले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीय मतदारांनी सुमारे ६० टक्के मते बायडन ह्यांच्या पदरात टाकून त्यांची बुडती उमेदवारी वाचविली, तेव्हा त्या तिघांपैकी एकही शर्यतीत उरलेला नव्हता.